स्पेनच्या मंडईतले आपले सोयरे

शब्दांची सोयरीक शोधायची तर कोश मिटून मंडईत शिरावे, असे मी वर्गात नेहमी सांगतो. स्पेनचीच मंडई घ्या ना! पाव म्हणजे ‘पान’ (विड्याचे नव्हे!), म्हणून पाववाल्याचे दुकान ‘पानादेरिया’, फळवाल्याचे ‘फ्रुतेरिया’. तेथे पुष्कळदा रांग लागत नाही. नवे गिऱ्हाईक ‘शेवटचे कोण?’ एवढे विचारते आणि आपली पाळी ध्यानात ठेवते. भाव विचारायचा तर ‘क्वांतो क्वेस्ता?’

साखरेला ते ‘आथूकार’ म्हणतात, संत्र्याला ‘नारांखा’. कान टवकारले ना? संस्कृतातली शर्करा आणि नारंग फारसी-अरबी वाटेने तेथवर पोहोचले. उलट टोमॅटो हा मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला ‘तोमात्ल’. स्पॅनिशांचे बोट धरून जगात निघाला तो आपल्या कोशिंबिरीत येऊन बसला.

बटाटा मात्र फसवा! हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. स्पेनमध्ये बटाटा म्हणजे ‘पाताता’. ‘बाताता’ मागाल तर पदरात रताळी पडतील. उपवास मोडणार नाही, एवढेच समाधान!

परक्या शब्दांचा विटाळ मानणाऱ्यांनी बाजाराची पिशवी एकदा स्वयंपाकघरात उलटी करून पाहावी. केवळ ‘शुद्ध’ शब्दांवर राहायचे ठरवले, तर संध्याकाळी ताटात वाढणार काय?