दुर्बिणीपुढचा फेस

भोर किंवा वेल्ह्याहून पोटाच्या दुर्बीण तपासणीसाठी पुण्याला निघालेला माणूस पहाटेच्या एसटीत बसण्याआधी घोटभर चहा घेतोच. तो घेऊ नका. दुधाचा चहा अन्नातच मोजतात. अन्न बंद करून निदान 6 तास आणि साधे पाणी पिऊन 2 तास झालेले असावेत. तुमच्या डॉक्टरांनी जास्त वेळ सांगितला असेल, तर तोच पाळा.

पण उपाशी पोटही स्वच्छ नसते. जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्मा असतो, लाळेचा आणि पित्ताचा फेस असतो. सुरुवातीचा कर्करोग कधी कधी जेमतेम लालसर डाग किंवा किंचित खोलगट चट्टा एवढाच दिसतो, आणि तो फेसाखाली सहज झाकला जातो. म्हणून तपासणीच्या 15 ते 30 मिनिटे आधी थोड्या पाण्यातून सिमेथिकोन देतात. त्याने बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी होतो आणि ते फुटतात. सोबत ॲसिटिलसिस्टीन दिले, तर श्लेष्माही सुटतो. सिमेथिकोन जुने आणि स्वस्त औषध आहे. माझ्या मते ते सर्रास वापरायला हवे. उरलेला फेस डॉक्टर दुर्बिणीतूनच पाणी मारून ओढून घेतात. त्याला वेळ लागतो, तो लागू द्यावा.

मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दमा असेल, तर तारीख घेतानाच डॉक्टरांना सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.