आमचे घर आणि चौसष्ट घरे

आमच्या ज्या खोलीला आम्ही दिवाणखाना म्हणतो, ती दहा फूट बाय बारा फुटांची आहे. 2023 च्या मे महिन्यात त्याच खोलीत मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालो असताना सौ. म्हणाली, "अहो, इथं मुलांना बुद्धिबळ शिकवीन म्हणते. फी घेऊन."

'शिकवीन' येथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. 'फी' म्हणताच माझ्यातला प्राध्यापक खडबडून जागा झाला. विद्येची विक्री, आणि तीही आपल्या घरात! दर एक तारखेला पगार घेऊन मराठी शिकविणाऱ्या गृहस्थाने हे म्हणावे, यातला विनोद तेव्हा माझ्या ध्यानी आला नाही.

सौ.चे माहेर सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने त्या गावाला पटाचे वेड लावले. 1985 ते 1994 या काळात पाच वेळा महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारी भाग्यश्री साठे तिथलीच. सौ.ही शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळली होती. लग्नानंतर तिचा पट माळ्यावर गेला. तो मी वर टाकला नव्हता. पण खालीही कधी काढला नव्हता.

माझ्या संकोचाला मान देऊन पहिले तीन महिने तिने फुकट शिकविले. आठ मुले आली. कोणी पावणेसहाला येई, कोणी येतच नसे. एक बाई तर मुलाला सोडून निवांत मंडईत जात. शिकवणीचे पाळणाघर झाले! चौथ्या महिन्यात तिने हजार रुपये फी ठेवली. पाच मुले गळाली. उरलेली तिघे मात्र पाचच्या ठोक्याला दारात हजर. फी ही विद्येची किंमत नसून वेळेची बूज असते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी उमगले.

भिशीच्या पैशांतून तिने सहा पट, सोंगट्यांचे सहा संच, दोन घड्याळे आणि भिंतीवर टांगायचा एक चुंबकी पट आणला. एकूण खर्च साडेनऊ हजार. हळूहळू मुले वाढली, तशी जिन्यातल्या चपलांबद्दल सोसायटीत कुरकुर सुरू झाली. तेव्हा सहा-सहा मुलांच्या दोन तुकड्या केल्या आणि चपलांची मांडणी आमच्या दाराच्या आत आली. वर्षाला अडीच हजारांचा व्यवसायकर ती स्वतः भरते. वीस लाखांच्या उलाढालीनंतर लागणारी जीएसटीची नोंदणी मात्र आमच्यापासून काशीइतकी दूर आहे!

तिची शिकविण्याची रीत पालकांना प्रथम चमत्कारिक वाटते. त्यांना हवी असते चार चालींत मात. ही पटावर दोन राजे आणि एक प्यादे ठेवते आणि म्हणते, "एवढंच जिंकून दाखव." कापाब्लांकाने 1921 च्या आपल्या पुस्तकात आरंभीच अंतिम डाव शिकविले आहेत, हे तिच्याकडूनच मला कळले. प्रत्येक चाल वहीत लिहायची आणि हरलेला डाव घरी पुन्हा मांडायचा, हा तिचा दंडक.

जुलै 2025 मध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, आणि आमचा फोन खणखणू लागला. एका गृहस्थांनी खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारले, "मुलगी किती महिन्यांत ग्रँडमास्टर होईल?"

"पहिले सहा महिने मी हरायला शिकवते. चालेल?"

गृहस्थ गेले. महिन्याचे हजार रुपये जिना उतरून जाताना मी पाहिले. तिने पाहिले नाही. ती पुढच्या तुकडीचे पट मांडीत होती.

सगळेच काही गोड झाले असे नाही. नववीतला आमचा मुलगा स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून अभ्यास करी. एकदा तो म्हणाला, "आई, ती मुलं चुकली की तू 'पुन्हा बघ' म्हणतेस. माझं गणित चुकलं की ओरडतेस." ती रात्र तिला जड गेली. दुसऱ्या दिवसापासून दर गुरुवारी वर्ग बंद. त्या संध्याकाळी दिवाणखाना त्याचा, आणि आईही त्याचीच.

माझी आरामखुर्ची आता गॅलरीत गेली आहे. "तुम्ही मॅडमांचे मिस्टर का?" असे लोक विचारतात, आणि मी "हो" म्हणतो.

मध्यंतरी शाळेने मुलाच्या माहितीचा तक्ता भरून मागितला. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात सवयीने मी 'गृ' लिहिला. मुलाने माझ्या हातून पेन घेतले, ते अक्षर खोडले आणि लिहिले : 'बुद्धिबळ प्रशिक्षक'.

तक्ता तिने वाचला. काही बोलली नाही. "पाच वाजले," एवढेच म्हणून दार उघडायला गेली.