जमिनीखालचा सांधा : घरगुती मैलावाहिन्यांच्या तपासणी-दुरुस्तीचा मागोवा

शौचालय, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांतले पाणी इमारतीभोवतीच्या चेंबरमधून रस्त्याखालच्या सार्वजनिक वाहिनीपर्यंत नेणारा नळ म्हणजे घरगुती मैलावाहिनी. ती एकदा मातीखाली गेली की तिचा दोष थेट दिसत नाही; चेंबर तुंबणे, भिंतीला ओल येणे, जमीन खचणे, पिण्याच्या पाण्याला वास येणे अशा परिणामांवरूनच तो ओळखावा लागतो. गेल्या दीडशे वर्षांत या वाहिन्यांच्या दुरुस्तीत जी प्रगती झाली ती मुख्यतः निदानाच्या बळावर झाली, आणि महाराष्ट्रातील शहरांत नेमकी निदानाचीच बाजू दुबळी राहिल्याने साफसफाईवर पैसा खर्च होत राहिला, तर नळातला दोष जागच्या जागी राहिला.

लंडनमधील लॅम्बेथ येथे हेन्री डोल्टन यांनी १८४६ मध्ये मैलावाहिन्यांसाठी भाजलेल्या मातीच्या नळांचा कारखाना उभारला. भट्टीत मीठ टाकून नळाच्या अंगावर काचेसारखी झिलई आणलेले हे नळ, ज्यांना बांधकामाच्या व्यवहारात आजही ‘स्टोनवेअर’ म्हणतात, आम्लाने झिजत नाहीत आणि शंभर वर्षे सहज टिकतात. दोष होता तो सांध्यात. भारतीय मानकातही अशा नळाची एक लांबी ६० सेंटिमीटर इतकी आखूड असू शकते. म्हणजे तीस मीटरच्या वाहिनीत पन्नासच्या आसपास सांधे येतात, आणि सुतळी ठासून वर सिमेंट भरलेला प्रत्येक सांधा ताठ असल्याने खालची माती जराशी बसली तरी तो तडकतो.

हा तडा शोधण्याची पहिली शिस्तबद्ध धडपड इंग्लंडमध्ये झाली. १८७१ च्या शरद ऋतूत युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, स्कारबरो येथील एका हवेलीत राहून आल्यावर विषमज्वराने अत्यवस्थ झाले आणि त्याचा दोष त्या हवेलीच्या गटारांवर ठेवला गेला. त्यानंतर श्रीमंतांच्या घरांतले नळ तपासून घेण्याची लाटच आली. लीड्सचे शल्यविशारद प्रिजिन टील यांनी घरगुती गटारांतील दोष चित्रांनी दाखवणारे पुस्तकच काढले. तपासणीची रीत मोठी चतुर होती. छतावर उघडणाऱ्या मैल्याच्या उभ्या नळात पेपरमिंटचे तेल आणि मागोमाग कढत पाणी ओतायचे, नळाचे तोंड बंद करायचे आणि दुसऱ्या माणसाने खोल्याखोल्यांतून वास घेत फिरायचे. जिथे पेपरमिंट दरवळला तिथे सांधा फुटलेला. तेल ओतणाऱ्याने मात्र तपासणी संपेपर्यंत घरात पाऊल टाकायचे नाही, कारण त्याच्या कपड्यांना लागलेला वासही निदान चुकवू शकत असे. दुर्गंधी हेच रोगाचे कारण, या समजुतीवर ही पद्धत उभी होती. समजूत चुकीची ठरली, तरी ज्या फटीतून वास येतो त्याच फटीतून मैलाही पाझरतो, म्हणून चाचणीची उपयुक्तता तिच्या सिद्धांतापेक्षा जास्त टिकली. पुढे नळाची तोंडे बुजवून आत धूर भरण्याची चाचणी आली, तसेच खालचे टोक बंद करून नळ पाण्याने भरायचा आणि पातळी किती उतरते ते पाहायचे ही जलचाचणीही आली. एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरून प्रकाशाचे वर्तुळ पूर्ण दिसते का हे पाहण्याची साधी रीत भारतातील स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवली जाते.

मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले, पण वापरलेले पाणी वाहून नेण्याची व्यवस्था त्या वेगाने झाली नाही. जुन्या वाड्याचाळींच्या मागे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळांतून, ज्यांना ‘घरगल्ली’ म्हणतात, आधी मैल्याच्या टोपल्या नेल्या जात; पुढे त्याच बोळांत नळ आले, आणि सफाई करणाऱ्या जातींच्या माथ्यावरचे काम बोळातून चेंबरमध्ये सरकले. भिंतीच्या भेगेत रुजलेला पिंपळ किंवा उंबर या नळांचा जुना शत्रू आहे. सांध्यातून झिरपणाऱ्या ओलाव्याकडे केसाएवढे मूळ वळते, आत शिरल्यावर पोसते, त्याचे जाळे होते आणि त्या जाळ्यात चरबी व चिंध्या अडकून नळ बंद पडतो. दख्खनच्या पठारावर आणि विदर्भात काळ्या मातीचा वेगळा त्रास आहे: ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वर्षानुवर्षांच्या या हालचालीने नळाचा ढाळ, म्हणजे ठरवून दिलेला उतार, बिघडतो. चार इंची नळाला चाळीसास एक आणि सहा इंचीला साठास एक असा ढाळ द्यावा, हा ठोकताळा मिस्त्रीलाही पाठ असतो. ढाळ मोडून नळाला पोट सुटले, तर तिथे पाणी थांबते आणि गाळ बसतो.

अशा वाहिनीचे प्राथमिक निदान झाकणे उघडूनच होते. ओळीने चेंबर उघडत गेल्यावर वरचा काठोकाठ भरलेला आणि त्याखालचा कोरडा आढळला, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये आहे. वरच्या मजल्यावर पाणी सोडताच तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून ते उसळत असेल, तर दोष त्या घरातला नसून खालच्या सामाईक वाहिनीतला आहे. इथवरचे ज्ञान अनुभवी कामगाराकडे असतेच. बांबूच्या कामट्या किंवा सळया सारून तो वाट मोकळी करतो. पण कामटी कशाला अडली, मुळाला, फुटक्या खापरीला की खचलेल्या सांध्याला, हे तिला सांगता येत नाही.

हीच मर्यादा यंत्रालाही पडली. अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युएल ब्लांक यांनी १९३३ च्या सुमारास विजेच्या मोटारीवर पोलादी तारेच्या टोकाचे पाते फिरवून मुळे कापणारे यंत्र बनवले. अंगण न खणता नळ मोकळा होऊ लागला, तरी फट तशीच राहिल्याने मुळे पुन्हा वाढत. दोष प्रत्यक्ष पाहता येऊ लागला तो नळातून सरकवता येणाऱ्या कॅमेऱ्यामुळे. १९८० मध्ये ब्रिटनच्या जलसंशोधन केंद्राने तडा, फूट, दबलेला नळ, सरकलेला सांधा अशा दोषांची संकेतावली प्रसिद्ध केली आणि दोन निरीक्षकांची निरीक्षणे पडताळता येऊ लागली. घरगुती नळासाठीच्या लहान कॅमेऱ्यात ५१२ हर्ट्‌झचा संदेश पाठवणारे उपकरण असते. जमिनीवर ग्राहक यंत्र फिरवून दोषाची जागा आणि खोली कळते, आणि सारे अंगण उकरण्याऐवजी एक खड्डा पुरतो.

पुष्कळदा तोही लागत नाही. एरिक वुड यांनी १९७१ मध्ये पूर्व लंडनमधील शंभर वर्षांच्या विटांच्या गटारात नवे तंत्र यशस्वी केले. राळेत भिजवलेली नमद्याची लांब नळी पायमोजा उलटावा तशी पाण्याच्या दाबाने जुन्या नळात उलटत न्यायची, उष्णतेने राळ कठीण होऊ द्यायची आणि मग उपशाखांची बुजलेली तोंडे दूरनियंत्रित पात्याने उघडायची. जुन्या नळाच्या पोटात बिनसांध्याचा नवा नळ तयार होतो. मात्र या अस्तराने ढाळ सुधारत नाही आणि पूर्ण कोसळलेल्या नळात ते जातच नाही. अशा ठिकाणी जुना नळ आतून फोडत त्याच वाटेने नवा ओढून घेण्याची पद्धत किंवा सरळ खोदकाम, हेच उपाय उरतात. म्हणजे उपाय ठरवण्याआधी चित्रीकरण अनिवार्य आहे.

भारतात या क्रमाची उलटापालट झाली. कॅमेरा उतरवण्याआधी माणूस उतरवला गेला. चेंबरात साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तीव्र प्रमाणात घ्राणशक्तीच बधिर करतो, त्यामुळे आत उतरलेल्याला धोक्याची सूचनाही मिळत नाही. वाचवायला उतरलेला दुसराही अनेकदा तिथेच दगावतो. २०१३ च्या कायद्याने गटारांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस नेमण्यास बंदी केली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत, आणि त्यांतले कित्येक खासगी आवारात होतात.

याचे एक कारण मालकीच्या हद्दीत आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून सार्वजनिक जाळ्याला जोडलेल्या सामाईक खासगी वाहिन्या पाणी कंपन्यांकडे सोपवण्यात आल्या, त्यामुळे तपासणीची यंत्रे आणि जबाबदारी एका हाती आली. महाराष्ट्रातील शहरांत आवारातला नळ सोसायटीचाच राहतो. कार्यकारिणी बहुधा चोकअप काढण्याचे सर्वांत कमी दरपत्रक स्वीकारते, दर पावसाळ्यात तोच चेंबर उपसला जातो आणि नळ नेमका कुठून गेला आहे याचा नकाशा कोणाकडेच नसतो. पुनर्विकासात आता रबरी कडीच्या लवचिक सांध्यांचे प्लास्टिकचे नळ पडत आहेत. ताबा घेताना प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिन्यांचा नकाशा आणि चेंबर-ते-चेंबर चित्रीकरण सोसायटीच्या दप्तरी दाखल करण्याची अट विकासकाशी होणाऱ्या करारातच घालता येते, आणि जुन्या इमारतींना दुरुस्तीची निविदा काढण्यापूर्वी तेच काम वेगळ्या तपासनिसाकडून करून घेता येते.