मुक्कामाची यादी

सायकलवर तंबू बांधून गावोगाव हिंडणाऱ्या जुन्या लोकांची छायाचित्रे पाहिली की दोन गोष्टींचे कौतुक होते: त्यांच्या चिवटपणाचे आणि त्यांच्या पोलादी सायकलींचे. दोन्ही कौतुके खरी आहेत, पण त्या काळाचे मर्म त्यांत सापडत नाही. ब्रिटनमध्ये सायकलभ्रमंती सामान्य माणसाच्या सुटीचा भाग झाली ती मुख्यतः संघटनेमुळे, असे माझे मत आहे. रस्ता, मुक्काम, नकाशा आणि हक्क या चार गोष्टींची सोय कुणीतरी चिकाटीने लावून ठेवली होती. याचा सर्वांत मोठा पुरावा तारखांमध्येच आहे. हॅरोगेट गावी स्टॅन्ली कॉटरेल आणि त्याच्या सोबत्यांनी ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन केला ऑगस्ट 1878 मध्ये. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे छातीएवढे उंच चाक, मागे छोटेसे चाक, भरीव रबराची धाव आणि उतारावर तोंडघशी पडण्याची पक्की भीती. दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली स्टार्लीची ‘रोव्हर’ आली 1885 साली, आणि डनलॉपची हवा भरलेली धाव 1888 साली. म्हणजे लांबच्या प्रवासाला योग्य अशी सायकल जन्मण्याआधीच लांबच्या प्रवासाची संस्था उभी राहिली होती.

त्या संस्थेने केलेली कामे दिसायला किरकोळ आहेत, म्हणूनच ती बारकाईने पाहावीत. गावोगावच्या खाणावळ-मालकांशी बोलून सभासदांसाठी दर ठरवले, आणि अशा घरांवर पंख असलेल्या चाकाचे लोखंडी चिन्ह लावले. रात्री चिखलाने माखून आलेल्या अनोळखी माणसाला ते चिन्ह दिसले की आपल्याला आत घेतील एवढा भरवसा मिळे. मोठ्या गावांत ‘कॉन्सल’ नेमले. आसपासचे रस्ते कसे आहेत, दुरुस्ती कोण करतो, याची माहिती हे स्थानिक सभासद विनामूल्य देत. जीवघेण्या उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या रोवल्या, आणि त्या लावण्यासाठी कुणा सरकारी खात्याची वाट पाहिली नाही. 1883 मध्ये तीनचाकीवाल्यांना, म्हणजेच अनेक स्त्रियांना आणि वयस्कांना, सामावून घ्यायचे म्हणून नाव बदलून ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ केले. 1886 मध्ये रस्ते सुधारण्यासाठी वेगळी संघटना काढण्यात पुढाकार घेतला. 1888 च्या कायद्याने सायकलीला ‘वाहन’ म्हणून रस्त्यावर अधिकृत जागा मिळाली, तिच्यामागेही सायकलस्वारांच्या संघटनांचा रेटा होता. बार्थोलोम्यू कंपनीच्या अर्धा इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाच्या नकाशांतल्या चुका सभासद प्रत्यक्ष फिरून कळवत, आणि नकाशावर क्लबच्या सहकार्याची नोंद छापली जाई. शतक संपताना सभासदसंख्या 60 हजारांवर गेली होती. एक लढाई मात्र क्लब हरला. 1898 मध्ये सरे परगण्यातल्या ‘हॉटबॉय’ हॉटेलात लेडी हार्बर्टन यांना, सायकलीसाठी घातलेल्या ढगळ तुमानीमुळे, बसण्याच्या मुख्य दालनात जेवण नाकारले गेले. क्लबने तो खटला लढवला आणि गमावला. तरीही एका सभासद स्त्रीला रस्त्याकाठी सन्मानाने जेवता यावे यासाठी संस्था कोर्टात उभी राहते, हे मला त्या साऱ्या यंत्रसुधारणांपेक्षा मोठे वाटते.

तंबूची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिथे एका माणसाचे कसब आधी येते. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. लहानपणी, 1853 मध्ये, सुमारे 300 जणांच्या तांड्याबरोबर बैलगाड्यांतून त्याने अमेरिकेची गवताळ मैदाने ओलांडली होती. पुढे तो छोट्या होडीतून आणि मग सायकलवरून मुक्काम करत हिंडू लागला. आयर्लंडच्या कोनेमारा भागात 1897 मध्ये केलेल्या सफरीवर त्याने पुस्तक लिहिले, त्यातून समविचारी लोक जमले, आणि 1901 मध्ये वॉन्टेज येथे सहा जणांच्या तळावरून सायकल-कॅम्पिंगची संघटना सुरू झाली. आजच्या ब्रिटनमधल्या कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लबचे मूळ तेच. तंबू तोवर लष्कराचा किंवा शिकाऱ्यांचा असे आणि तो वाहायला खेचरे लागत. होल्डिंगने शिंप्याच्या नजरेने कापड निवडले, रेशमासारखे पातळ आणि घट्ट विणीचे, आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: हिचे वजन चढावर कोण ओढणार? 1908 च्या त्याच्या जाडजूड ‘कॅम्पर्स हँडबुक’मध्ये हाच विचार पानोपानी आहे. सोबतीला होता स्वीडनमध्ये 1892 च्या सुमारास निघालेला प्रायमस, वातीविना, रॉकेलवर, पंपाने हवा भरून पेटणारा. आपल्या स्वयंपाकघरांत अनेक पिढ्या फरफरलेला पंपाचा स्टोव्ह तो हाच. तेव्हाचे सामान ओबडधोबड होते, आजचेच काय ते हलके, असे कुणी म्हणाले तर ते पटण्यासारखे नाही. नायलॉन नव्हते हे खरे. पण खोगिराच्या मागे अडकवायच्या लँकेशायरच्या कॅराडाइस पिशव्यांचे कापडच पाहा. जाड सुती, पाण्याने भिजले की धागे फुगून छिद्रे बुजवणारे, आणि फाटले तर घरी टाका घालता येईल असे. त्या पिशव्या 1930 च्या दशकापासून आजतागायत शिवल्या जात आहेत.

सायकलीतल्या सुधारणांचे श्रेय आपण शर्यतीला देतो, तेही तपासून घ्यावे. फ्रान्समधल्या सँ-एतिएनचा पॉल द विवी, टोपणनाव ‘वेलोसिओ’, 1887 पासून ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक चालवत होता. डोंगर चढायचे असतील तर एका गिअरवर गुडघे झिजवण्यात शहाणपण नाही, गिअर बदलता आले पाहिजेत, हे तो वर्षानुवर्षे लिहीत आणि स्वतः घाट चढून दाखवत राहिला. शर्यतवाल्यांना ती पळवाट वाटली. टूर द फ्रान्समध्ये डिरेल्युअरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, मुभा मिळाली ती थेट 1937 साली, वेलोसिओच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. आज प्रत्येक घाटात आपल्याला तारणारी युक्ती, मुक्काम करत जाणाऱ्या, सामान वाहणाऱ्या लोकांनी आधी मान्य केली होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे: हे सगळे फुरसत असलेल्या सुखवस्तू लोकांचे होते. सुरुवातीला बऱ्याच अंशी होतेही. उंच चाकाची सायकल मजुराच्या खिशाबाहेरची होती. पण पुढचा इतिहास या आक्षेपाला टिकू देत नाही. 1894 मध्ये बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरियन’ या साप्ताहिकाच्या नावाने सायकल क्लब काढला, आणि लवकरच कापडगिरण्यांतले, कारखान्यांतले स्त्री-पुरुष सुटीत तळावर जमू लागले. 1930 साली इंग्लंडमध्ये युवा वसतिगृह संघटना स्थापन झाली. मूळ कल्पना जर्मनीतल्या रिशार्ड शिरमान या शाळामास्तराची. रात्रीचा दर एक शिलिंग, सकाळी केर काढणे किंवा भांडी घासणे सर्वांनाच बंधनकारक, आणि मोटारीने आलेल्याला प्रवेश नाही. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत अशी जवळपास 300 घरे झाली होती. शिलिंगात छप्पर मिळते म्हटल्यावर शनिवारी दुपारी गिरणीतून सुटलेला कामगार रविवारी रात्रीपर्यंत डोंगर पाहून परत येऊ शके. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच अशा व्यवस्थेची सर्वांत जास्त गरज असते. श्रीमंताला हॉटेल कुठेही मिळते.

दुसरा आक्षेप आपल्या जवळचा, आणि अधिक वजनदार आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असा सुमारे 71 हजार किलोमीटरचा प्रवास करून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये मुंबईत परतले. त्यांच्या वाटेवर ना पंखचाकाच्या पाट्या होत्या, ना शिलिंगातली वसतिगृहे. मग व्यवस्थेवाचून अडले काय? त्यांचे धाडस भारतीय भ्रमंतीच्या इतिहासात अव्वल आहे आणि मराठी वाचकाला ते फार कमी ठाऊक आहे, याची खंत वाटते. पण निघालेल्या सहांतले तिघेच प्रदक्षिणा पुरी करू शकले. त्यांच्यामागून 1924 मध्ये फ्रामरोज दावर आणि 1933 मध्ये आणखी तिघे मुंबईतून निघाले, तेही पारशीच. साडेचार, सात, नऊ वर्षे आयुष्यातून काढून देणारे वीर मुंबईने निर्माण केले. चार दिवसांच्या रजेत सायकलीने कोकणात उतरून परत येणाऱ्या कारकुनाची, शिक्षिकेची रीत मात्र त्यातून रुजली नाही. मोहीम माणसाच्या जिद्दीवर निभावते. भ्रमंतीची रीत पडायला मुक्कामाची हमी लागते.

आता उरते मोटार. रस्ते तेव्हा मोकळे होते म्हणून ते जमले, मोटारी वाढल्या आणि संपले, असे बहुतेकांना वाटते. मोटारींनी फार मोठे नुकसान केले, यात शंका नाही. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शाखा बंद झाल्या तेव्हा गार्डच्या डब्यात सायकल टाकून दूरच्या डोंगरापाशी उतरण्याची सोयही आटली. पण मोटारीपुढे इलाजच नाही, हे म्हणणे 1976 च्या उन्हाळ्याने खोटे ठरवले. ग्रेग व जून सिपल आणि डॅन व लिस बर्डन या दोन जोडप्यांनी, मोटारीशिवाय पान न हलणाऱ्या अमेरिकेत, देशाच्या 200 व्या वर्धापनाचे निमित्त साधून ‘बाइकसेंटेनिअल’ घडवले. ओरेगॉनपासून व्हर्जिनियापर्यंत सुमारे 6,800 किलोमीटरची वाट त्यांनी आडरस्त्यांतून शोधली, तिचे नकाशे छापले, शाळा-चर्चमधून पथारी टाकण्याची सोय केली. त्या एका मोसमात सुमारे 4,100 लोक त्या वाटेवर सायकलीने गेले. त्यांच्यासाठी नवा रस्ता कुणी बांधला नव्हता. आहेत त्या रस्त्यांतले योग्य कोणते, हे कुणीतरी आधी फिरून कागदावर उतरवले होते.

महाराष्ट्रात आज चांगल्या सायकली आहेत, गिअर आहेत, हलके तंबू आहेत, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूरला उत्साही क्लबही आहेत. त्यांची बरीच शक्ती एका दिवसात किती किलोमीटर कापले याच्या हिशेबात जाते. या क्लबांना माझी विनंती आहे की एक वर्ष त्यातली थोडी शक्ती वेगळ्या कामी लावावी. आपापल्या जिल्ह्याच्या आडवाटा सभासदांनी वाटून घ्याव्यात आणि साधी पुस्तिका छापावी: घाटाच्या पायथ्याशी पाणी कुठे मिळते, तंबू ठोकू देणारे देवळाचे किंवा शाळेचे आवार कोणते, ट्यूब-टायर ठेवणारे दुकान कोणत्या गावी, एकट्या स्त्रीला निर्धास्त राहता येईल असे घर कुणाचे आणि तिथले दर किती. दरवर्षी ती पुन्हा तपासावी, आणि किंमत अशी ठेवावी की कॉलेजातल्या पोरालाही परवडेल.