मेहनत ‘हार्ड’ असते, ‘हार्डली’ नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळी आईला घेऊन घरी आली. बारावीनंतर तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. एका शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत स्वतःविषयी पानभर इंग्रजीत लिहून द्यायचे होते. “टीचर, पाठवायच्या आधी एकदा बघता का?” म्हणून तिने कागद पुढे केला. अक्षर सुरेख, स्पेलिंग बरोबर. चौथ्या ओळीवर मात्र मी थांबले. तिने लिहिले होते, ‘माय मदर हार्डली वर्क्ड टु एज्युकेट मी.’

मुलीला म्हणायचे होते, “मला शिकवण्यासाठी अम्मीने खूप कष्ट केले.” वाक्य मात्र सांगत होते, “मला शिकवण्यासाठी अम्मीने जवळजवळ काहीच केले नाही.” आणि ती अम्मी माझ्यासमोर बसलेली! नवऱ्याच्या इंतकालानंतर शेजारपाजारच्या साड्यांना फॉल-पिको करून, रात्र रात्र मशीन चालवून तिने तीन मुले शिकवली होती.

मी अर्थ सांगितला तशी मुलगी रडवेली झाली. आईने विचारले, “क्या हुआ?” मुलीने कसेबसे समजावले. आईला हसू आले. म्हणाली, “अगे, रात को मुश्किल से तीन घंटे सोती थी मैं!”

मी म्हटले, “बेटा, तुझ्या ‘हार्डली’चा अर्थ तुझ्या अम्मीने आत्ताच सांगितला. हार्ड म्हणजे मुश्किल आणि हार्डली म्हणजे मुश्किल से.”

ही चूक एकट्या तिची नाही. दरवर्षी वर्गातल्या कितीतरी वह्यांत ती मला दिसते. कारण सरळ आहे. आपण मुलांना शिकवतो की शब्दाला ‘ली’ लावले की क्रियाविशेषण तयार होते. स्लोचे स्लोली, क्विकचे क्विकली. मग हार्डचे हार्डली असणारच, असे मुले धरून चालतात. पण ‘हार्ड’ हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘द पेपर वॉज हार्ड’ म्हणजे पेपर कठीण होता. ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती खूप मेहनत करते. मेहनतीसाठी त्याला ‘ली’ची गरजच नाही. गंमत म्हणजे, पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘हार्डली’चा अर्थ ‘जोराने, कठोरपणे’ असाही होत असे. पुढे तो ‘मुश्किलीने’ झाला आणि तिथून ‘जेमतेम’ या अर्थावर स्थिरावला.

आता रोजच्या वापरातली वाक्ये पाहू. घरात साखर संपत आली आहे: ‘देअर इज हार्डली एनी शुगर इन द हाउस.’ फोनवर आवाज नीट येत नाही: ‘आय कॅन हार्डली हिअर यू.’ मामू क्वचितच येतात: ‘मामू हार्डली एव्हर कम्स.’ नवे शेजारी फारसे ओळखीचे नाहीत: ‘वी हार्डली नो देम.’ हार्डलीची जागाही यातून कळते. तो मुख्य क्रियापदाच्या आधी येतो. ‘कॅन’, ‘हॅव’ यांसारखे साहाय्यक क्रियापद किंवा ‘इज’ असेल तर त्याच्यानंतर येतो. वाक्याच्या शेवटी त्याला ढकलू नये.

दुसरी चूक ‘नॉट’ची. मुले लिहितात, ‘आय कान्ट हार्डली हिअर यू.’ याचे मूळ आपल्या मराठीत आहे. “मला फारसे ऐकू येत नाही” असे आपण म्हणतो. ‘फारसे’च्या मागोमाग ‘नाही’ येतेच. हार्डलीच्या पोटात मात्र तो नकार आधीच असतो, म्हणून वरून आणखी ‘नॉट’ नको. मुलांना ‘फारसे’ ऐवजी ‘क्वचितच’ किंवा ‘जेमतेम’ हे शब्द द्यावेत. उर्दूत ‘शायद ही’ आहेच. “मामू शायद ही आते हैं” या वाक्यात ‘नहीं’ कुठे आहे? हार्डलीचेही तसेच.

‘मुश्किल से’ची एक अडचणही सांगते. “मुश्किल से दरवाज़ा खोला” म्हणजे दार मोठ्या प्रयासाने उघडले. इथे हार्डली चालणार नाही, ‘विथ ग्रेट डिफिकल्टी’ म्हणावे लागेल. म्हणून वाक्य आधी मनात मराठीत आणावे. ‘जेमतेम’ किंवा ‘क्वचितच’ बसत असेल तर हार्डली लिहावे, ‘महत्प्रयासाने’ बसत असेल तर लिहू नये.

दहावीच्या मुलांना आणखी एक रचना लागते, ‘हार्डली... व्हेन’. तिला मराठीत तंतोतंत जोड आहे. “रोजा सोडला न सोडला तोच लाइट गेली.” इंग्रजीत: ‘हार्डली हॅड वी ब्रोकन अवर फास्ट व्हेन द लाइट्स वेंट आउट.’ वाक्य हार्डलीने सुरू झाले की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी येतो आणि पुढे ‘व्हेन’ येतो. ‘दॅन’ हा ‘नो सूनर’चा जोडीदार, त्याला इथे आणू नये.

असे फसवे शब्द आणखी आहेत. ‘लेट’ म्हणजे उशिरा, पण ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘नियर’ म्हणजे जवळ, ‘नियरली’ म्हणजे जवळजवळ. ‘फास्ट’ला तर ‘ली’ लागतच नाही, ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही.

घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या पालकांना अनेकदा वाटते, आपल्याला इंग्रजी येत नाही तर मुलांना काय शिकवणार? माझा अनुभव वेगळा आहे. ज्या मुलाला घरची भाषा नीट येते, त्याला इंग्रजीतला बारीक फरक लवकर कळतो. रात्री दस्तरख्वानवर एक खेळ खेळून पाहा. प्रत्येकाने दिवसभरातले एक ‘मुश्किल से’चे वाक्य सांगायचे आणि शाळेत जाणाऱ्या मुलाने ते इंग्रजीत करायचे. आठवड्याभरात हार्डली पक्का होईल, इन्शाअल्लाह. आणि कोणत्याही अर्जात आपल्या माणसांविषयी लिहिलेली ओळ पाठवण्यापूर्वी एकदा जाणत्या माणसाला दाखवावी. चुकलेल्या ‘ली’मुळे तिथे केवळ मार्क जात नाहीत, माणसाच्या कष्टांवर पाणी पडते.

त्या संध्याकाळी मुलीने ती ओळ खोडली आणि तिच्या जागी दोन वाक्ये लिहिली, ‘माय मदर वर्क्ड हार्ड. शी हार्डली स्लेप्ट.’ मग तिने ती वाचून अम्मीला त्यांचा अर्थ सांगितला. अम्मी म्हणाली, “हाँ, ये सही है.”