उद्यानांतील सॅल्व्हिया : मूलस्थान व संगोपन

हिवाळ्यात महाराष्ट्रातील उद्यानांत तांबड्याभडक फुलोऱ्यांचे जे ताटवे दिसतात, ते बहुधा सॅल्व्हिया स्प्लेंडेन्स ह्या जातीचे असतात. माळी तिला नुसते ‘सॅल्व्हिया’ म्हणतो आणि निळ्या फुलांच्या सॅल्व्हिया फॅरिनेशियालाही त्याच नावाने ओळखतो. दोन्ही रोपे एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर वाढविली जातात. पुढे ऊन चढू लागले की तांबडे रोप कोमेजते. त्याच्यासाठी पाणी वाढवावे, तर निळे मुळाशी कुजते. दोष मात्र बियाण्याला दिला जातो. वस्तुतः तो एका नावाखाली दोन भिन्न वनस्पती लोटण्याचा आहे.

तुलसी कुलातील ही सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्यात ९०० हून अधिक जाती आहेत. बाजारात मिळणारा चिया हिच्याच एका जातीचे बी होय. सब्जा भिजल्यावर जसा बुळबुळीत होतो तसाच तोही होतो, पण सब्जा तुळशीच्या प्रजातीतील आहे. दोहोंतील भेद फुलात स्पष्ट दिसतो. तुळशीला चार पुंकेसर, तर सॅल्व्हियाला कार्यक्षम असे दोनच. म्हणूनच लिनीअसने सॅल्व्हियाची गणना द्विपुंकेसरी वर्गात केली होती.

हे दोन पुंकेसर ह्या प्रजातीचे खरे वैशिष्ट्य होत. परागकोशाचे दोन भाग जोडणारा दुवा येथे लांबून त्याची तरफ झालेली असते. मधमाशी मधासाठी फुलात डोके घालते तेव्हा तरफेचे खालचे टोक आत ढकलले जाते, वरचे टोक खाली येते आणि माशीच्या पाठीवर पराग पडतात. युरोपातील सॅल्व्हिया प्रॅटेन्सिस ह्या जातीच्या फुलातील ही रचना स्प्रेंगेल ह्या जर्मन निरीक्षकाने १७९३ मधील आपल्या ग्रंथात वर्णिली. पक्ष्यांवर अवलंबून असलेल्या अनेक अमेरिकन जातींत तरफ अचल किंवा क्षीण झाली असून त्यांचे फूल लांब नळीसारखे व बहुधा तांबडे असते. तांबडी सॅल्व्हिया ह्याच गटातील. तिच्या मायदेशी हमिंगबर्ड येतात. आपल्याकडे ते नाहीत, परंतु शिंजीर तिच्यातील मध घेताना दिसतो.

मायदेशाचा हा संदर्भ संगोपनातही निर्णायक ठरतो. तांबडी सॅल्व्हिया मूळची ब्राझीलची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेलो ह्या संग्राहकाने तेथे तिचे नमुने गोळा केले. दमट व सौम्य हवेतील ही बहुवर्षायू वनस्पती आहे. उद्यानात ती वर्षायू ठरते ती केवळ आपल्या वापरामुळे. तिची पाने रुंद व पातळ असल्याने दुपारच्या उन्हापासून आडोसा, सेंद्रिय द्रव्यांनी युक्त भुसभुशीत माती आणि सतत पण बेताचा ओलावा तिला हवा. दख्खनच्या चुनखडीयुक्त मातीत तिला पुरेसे लोह घेता येत नाही, त्यामुळे कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. अशा वेळी नत्रखताची मात्रा वाढविणे व्यर्थच नव्हे, अपायकारक आहे. कारण क्षारांचा अतिरेक तिच्या रोपांना सोसत नाही.

फॅरिनेशिया टेक्सास व मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशांतील. तिच्या फुलोऱ्यावर पिठासारखी पांढरी लव असते, त्यावरूनच हे नाव पडले. पूर्ण ऊन, निचऱ्याची जमीन आणि दोन पाण्यांत अंतर, एवढ्यावर ती तगते. चुनखडीचेही तिला फारसे भय नाही.

स्वयंपाकातील सेज, म्हणजे सॅल्व्हिया ऑफिसिनॅलिस, हिची अडचण वेगळी. भूमध्यसागरी प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. येथील मोसमी पावसात ती उष्णता व ओल एकदम भोगते आणि कुजते. कुंडीत लावून पावसाळ्यात छपराखाली ठेवल्यास ती वाचू शकते. कोकणात तिच्यावर श्रम खर्चू नयेत, हेच बरे.

तांबड्या सॅल्व्हियाचे बी पाऊस ओसरल्यावर पेरावे. त्याला उजेड मानवतो, म्हणून ते मातीत खोल गाडू नये. २१ ते २४ अंश सेल्सियस तापमानात सुमारे दोन आठवड्यांत ते उगवते. रोपे कोलमडण्याचा रोग टाळण्यासाठी दाट पेरणी करू नये व कुंडीला खालून पाणी द्यावे. पानांच्या तीनचार जोड्या आल्यावर शेंडा खुडला की फांद्या फुटतात. तिचा संवर्तही तांबडा असल्याने पुष्पमुकुट गळाल्यानंतर बरेच दिवस फुलोरा शोभिवंत दिसतो, आणि माळ्याचा हात आखडतो. तेवढ्या अवधीत बी धरते व नवे फुलोरे मंदावतात. बी राखावयाचे नसेल तर रंग फिकटण्याची वाट न पाहता फुलोरा छाटावा.

मेक्सिकोची सॅल्व्हिया ल्यूकँथा पावसाळी उन्हाळा व कोरडा हिवाळा ह्यांना मुळातच सरावलेली आहे. म्हणून तिला आपल्याकडे अधिक स्थान मिळावयास हवे. जांभळ्या मखमली संवर्तातून डोकावणारी तिची फुले दिवस लहान होऊ लागल्यावर येतात. रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल अशा जागी तिचा बहर लांबू शकतो. तिची लागवड छाट कलमांनी सहज होते.