सुरिनामला जायचंय? मग नदीसाठी दिवस राखून ठेवा

होळी आणि दिवाळीला सरकारी सुट्टी, रस्त्याच्या डाव्या बाजूने धावणारी वाहने, खाणावळीत रोटी आणि बटाट्याची रस्साभाजी, बाजारात भोजपुरी वळणाची बोली. हे सगळे ब्राझीलच्या उत्तरेला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर आहे. सुरिनाम क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून जरासा मोठा, पण तिथे राहतात फक्त सहा लाखांच्या आसपास माणसे. त्यातलेही बहुतेक जण राजधानी पारामारिबो आणि किनारपट्टीत. उरलेला देश म्हणजे जंगल. नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग त्याने व्यापलेला आहे.

अशा देशात दोन-तीन दिवस राजधानीत काढून पुढच्या देशाचे विमान पकडण्याचा मोह होतो. तसे करू नये. पारामारिबो सुंदर आहेच, पण सुरिनाम समजतो तो नदीवर. त्यामुळे बेत आखताना आधी नदीचे दिवस ठरवावेत, मग शहराचे.

कधी जावे?

वर्षात दोन पावसाळे असतात. मोठा एप्रिलअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, छोटा डिसेंबर-जानेवारीत. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ कोरडा आणि फिरायला सोयीचा. फेब्रुवारी ते एप्रिल हाही चांगला पर्याय आहे आणि होळी याच काळात येते. समुद्री कासवे पाहायची असतील तर मात्र पावसाची तयारी ठेवून एप्रिल ते जुलैमध्ये जावे.

कागदपत्रे आणि लस

भारतातून थेट विमान नाही. सोयीचा मार्ग अ‍ॅम्स्टरडॅमवरून. तिथून पारामारिबो सुमारे नऊ तासांवर. अ‍ॅम्स्टरडॅमला विमानतळाबाहेर पडायचे असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. मायामीमार्गे गेल्यास नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा हवा. सुरिनामचे स्वतःचे प्रवेशनियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील सुरिनामच्या दूतावासाकडून ते पक्के करून घ्यावेत.

पीतज्वराची लस टाळता येणार नाही. सुरिनाम या रोगाच्या जोखमीच्या देशांत मोडतो. तिथून परतताना लशीचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो आणि पुढे आयुष्यभर चालतो. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. मुंबईत केंद्राच्या विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत ही सोय आहे. वेळ आधी घ्यावी लागते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

मलेरियाच्या बाबतीत चांगली बातमी आहे. जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरिनामला मलेरियामुक्त घोषित केले. अमेझॉन प्रदेशातला हा पहिलाच असा देश. डेंग्यू मात्र आहे. डासांपासून बचावाचे मलम आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे जवळ हवेतच.

पैसे, वीज, बोलणे

चलन सुरिनामी डॉलर. गेल्या काही वर्षांत त्याची मोठी घसरण झाली आहे, म्हणून सगळे पैसे एकदम बदलून घेऊ नयेत. अमेरिकी डॉलर किंवा युरोच्या न फाटलेल्या, स्वच्छ नोटा न्याव्यात आणि बँकेत किंवा अधिकृत चलन केंद्रावर लागतील तशा बदलाव्यात. कार्ड प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही आणि नदीकाठच्या गावांत रोखीशिवाय काहीच चालत नाही.

विजेचा दाब १२७ व्होल्ट आहे. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात. इथली पाणी तापवायची किटली मात्र तिथे नीट चालणार नाही. राजभाषा डच, पण सर्वांना जोडणारी बोली स्रानान टोंगो. ‘फा वाका?’ म्हणजे ‘कसं काय?’ आणि ‘ग्रानतांगी’ म्हणजे ‘आभारी आहे’, एवढे दोन शब्द पाठ करून जावेत. शहरात इंग्रजीवर भागते.

शहराचे तीन दिवस

पारामारिबोच्या जुन्या गाभ्यातील डच धाटणीच्या लाकडी इमारतींना युनेस्कोने २००२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वॉटरकांट या नदीकाठच्या रस्त्याने सकाळी लवकर चालायला निघावे. झीलांडिया किल्ला आणि त्यातले संग्रहालय पाहावे. इथेच डिसेंबर १९८२ मध्ये लष्करी राजवटीने पंधरा विरोधकांची हत्या केली. सेंट पीटर आणि पॉल हे अवाढव्य लाकडी चर्च आत जाऊन पाहण्याजोगे आहे, तसेच कैझरस्ट्राटवर शेजारी शेजारी उभी असलेली मशीद आणि सिनेगॉगही.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. रोटीसोबत बटाटा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी मिळते, डाळीचा तळलेला बारा मिळतो. ब्लाऊग्रोंड भागात जावानीज खाणावळी आहेत. तिथल्या साओतो सूपमध्ये कोंबडी असते, हे ध्यानात ठेवावे.

एक दिवस नदीपलीकडच्या कोमेवेइने भागासाठी ठेवावा. होडीने पलीकडे जाऊन सायकलवरून जुने मळे पाहता येतात. १८६३ मध्ये गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. ५ जून १८७३ रोजी कोलकात्याहून आलेल्या ‘लाला रूख’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, इथे उतरले. १९१६ पर्यंत सुमारे ३४,००० भारतीय आले, बहुतेक आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातून. मारियनबर्गचा पडका साखर कारखाना अवश्य पाहावा. १९०२ मध्ये मजुरीवरून तिथे उठाव झाला आणि सैनिकांच्या गोळीबारात किमान सतरा मजूर मारले गेले. इथल्या हिंदुस्तानी समाजाशी बोलताना ‘तुम्ही आमचेच’ असे म्हणण्याआधी हा इतिहास माहीत असावा. हे लोक दीडशे वर्षांचे सुरिनामी आहेत आणि ती ओळख त्यांनी कष्टाने कमावली आहे.

नदीचे चार दिवस

पारामारिबोहून दक्षिणेला काही तासांचा डांबरी रस्ता अटजोनीला संपतो. पुढे अप्पर सुरिनाम नदी आणि कोर्याल नावाच्या लांब, अरुंद होड्या. दोन्ही काठांवर सारामाका लोकांची गावे आहेत. मळ्यांवरून निसटून जंगलात स्वतंत्र समाज उभारणाऱ्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. १७६२ मध्ये त्यांनी डचांना शांततेचा करार करायला भाग पाडले; गुलामगिरी संपण्याच्या शंभर वर्षे आधी. १९६०च्या दशकात अफोबाका धरणाच्या जलाशयाखाली त्यांची अनेक गावे बुडाली. धरणाच्या विजेवर अ‍ॅल्युमिनियम उद्योग चालला. पुढे जमिनीच्या हक्कासाठी सारामाकांनी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात धाव घेतली आणि २००७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

म्हणून इथे पाहुण्यासारखे वागावे. विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढू नये. गावातल्या देवस्थानांच्या आवारात परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. काही पाहुणघरे गावकऱ्यांच्याच मालकीची आहेत. राहायचे तर तिथे राहावे, म्हणजे पैसा गावातच राहतो. सामान पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधावे. सोन्याच्या खाणींमुळे आतल्या काही नद्यांत पारा मिसळला आहे, तेव्हा मोठे शिकारी मासे न खाल्लेले बरे.

मध्य सुरिनाम अभयारण्याचे क्षेत्र १६ लाख हेक्टर. तिथल्या व्होल्ट्झबर्गच्या ग्रॅनाइट घुमटावर चढायचे असेल तर बेत आणखी वाढवावा लागतो. तिकडे जाणाऱ्या छोट्या विमानांत सामानाच्या वजनावर कडक मर्यादा असते.

गालिबीच्या किनाऱ्यावरची समुद्री कासवे पाहण्यासाठी पूर्वेला आल्बिना गाठून होडी धरावी. रात्री किनाऱ्यावर विजेरीचा झोत किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. अंडी घालायला आलेली मादी बिचकून परत फिरते. आल्बिनाच्या समोर नदीपलीकडे फ्रेंच गयाना दिसते, पण सहज म्हणून पलीकडे जाऊ नये. ते शेंगेन क्षेत्रात येत नाही आणि साध्या शेंगेन व्हिसावर तिथे प्रवेश मिळत नाही.

एकूण दहा दिवस हाताशी असावेत: शहर आणि कोमेवेइने मिळून तीन-चार, नदीवर चार, बाकीचे पाऊस आणि होड्यांच्या वेळापत्रकासाठी मोकळे. दक्षिण अमेरिकेच्या सहलीतून एखादा देश कमी करावा लागला तरी चालेल, पण नदीचे दिवस कापू नका. सुरिनामला जाऊन अटजोनीच्या पुढे न गेलेल्या माणसाने फक्त त्या देशाची राजधानी पाहिलेली असते.